फोटोवरील खुणा वाचाव्या कशा?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच नदीवर, वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे. १९६८ साली पूर्ण झालेली ही दोन्ही धरणे एकाच पूर्णा प्रकल्पाची अंगे होत. येलदरीचा जलाशय मोठा. तेथे पाणी साठते, त्यावर वीज तयार होते आणि सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरला येते. सिद्धेश्वरहून ते कालव्यांवाटे शेतांपर्यंत जाते. शिरड शहापूरच्या श्री मल्लिनाथ मंदिराचे किंवा जिंतूरजवळील नेमगिरीच्या लेण्यांचे दर्शन घेऊन निघालेले कुटुंब वाट थोडी वाकडी करून या जलाशयाकाठी थांबले, तर त्यात नवल नाही. आजी-आजोबांना मध्ये बसवावे, नातवंडांना पुढे उभे करावे, मागे पाण्याचा विस्तार असावा आणि घरातील कोणा तरुणाने मोबाईल काढावा, हे दृश्य आता प्रत्येक सहलीचे अंग झाले आहे.

फोटो निघतो आणि मोबाईलच्या पडद्यावर दिसतो. त्याच्या कोपऱ्यात कधी एक इवलासा ढग उमटतो, कधी ढगात बाण, कधी बरोबरची खूण, तर कधी ढगावर आडवी रेघ. तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फोटो दिसतो आहे, म्हणजे तो आहे, असे मन धरून चालते. वस्तुतः दिसणे आणि असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सांगण्यासाठीच ही चिन्हे योजलेली आहेत.

व्यापारी घरांना अशा खुणा नव्या नाहीत. माल गाडीत चढला की ट्रान्सपोर्टची बिल्टी हाती येते. बिल्टी हाती आली म्हणजे माल निघाला, एवढेच सिद्ध होते. तो समोरच्या पेढीच्या गोदामात उतरला, हे पोहोच आल्यावर कळते. बिल्टीलाच पोहोच समजणारा दुकानदार फार काळ दुकान चालवू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही हाच क्रम दिसतो. एक करडी खूण म्हणजे निरोप निघाला, दोन करड्या खुणा म्हणजे समोरच्याच्या मोबाईलवर पोहोचला, आणि दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे त्याने वाचला. हे आता घरातील वृद्धांनाही पाठ आहे. फोटोंच्या खुणा मात्र अजून पाठ झालेल्या नाहीत. त्यामुळे अनेक घरांत फोटोंच्या बाबतीत बिल्टीलाच पोहोच समजले जाते.

या चिन्हांचा मूळ प्रश्न एकच आहे: फोटोची मूळ प्रत या क्षणी कुठे आहे? ती तीन प्रकारे असू शकते. केवळ मोबाईलमध्ये, केवळ दूरच्या साठवणीत, किंवा दोन्ही ठिकाणी. या दूरच्या साठवणीलाच व्यवहारात ‘क्लाउड’ म्हणतात. त्याचे चित्र ढगाचे असले, तरी ती साठवण कोणत्या तरी कंपनीच्या जमिनीवरील इमारतीत, संगणकांच्या रांगांमध्येच असते. येलदरीत पाणी आहे म्हणून सिद्धेश्वरच्या कालव्यात ते वाहते आहे असे होत नाही. वरून सोडावे लागते. तसेच फोटो केवळ क्लाउडवर असेल, तर मोबाईलवर त्याची छोटी, पुसट प्रतिमा तेवढी असते. मूळ फोटो पाहायचा, तर इंटरनेटवरून तो खाली उतरवावा लागतो. गावाबाहेर नेटवर्क क्षीण असले की तो उघडत नाही, आणि घरात घबराट होते की फोटो गेला. फोटो गेलेला नसतो. तो वरच्या धरणात असतो.

आता खुणा एकेक करून पाहू. चित्रे कंपनीनुसार आणि आवृत्तीनुसार थोडी बदलतात, पण त्यांची भाषा बरीचशी समान आहे. ढगात वर जाणारा बाण किंवा फिरणारे वर्तुळ असेल, तर प्रत वर जात आहे. काम अपुरे आहे. ढगात बरोबरची खूण म्हणजे प्रत वर पोहोचली. ढगावर आडवी रेघ म्हणजे प्रत वर गेलेलीच नाही, किंवा बॅकअप बंद आहे. उद्गारचिन्ह म्हणजे काही अडले आहे: जागा संपली, वायफायची वाट पाहणे चालू आहे, किंवा खात्यात पुन्हा प्रवेश करावयाचा आहे. या चारांपैकी उद्गारचिन्हाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि तेच सर्वांत तातडीचे असते.

अँड्रॉइड मोबाईलवर बहुधा गुगल फोटोज वापरले जाते. २०१५ साली ही सेवा सुरू झाली. तीत वरच्या कोपऱ्यात खातेदाराचे गोल चित्र असते. त्यावर बोट ठेवले की बॅकअप पूर्ण झाला, चालू आहे की बंद आहे, हे शब्दांत लिहिलेले दिसते. चिन्हाविषयी शंका आली, तर हे शब्द वाचावेत. एखाद्या विशिष्ट फोटोविषयी खात्री हवी असेल, तर तो उघडून बोटाने वर सरकवावा. खाली तपशील येतो आणि त्यात फोटो या मोबाईलवर आहे की नाही, तसेच त्याचा बॅकअप झाला आहे की नाही, हे वेगवेगळे नोंदलेले असते. रोजकीर्दीतील नोंद खतावणीत चढली की नाही, हे ताडून पाहण्यासारखेच हे आहे.

आयफोनवर व्यवस्था निराळी आहे. तेथे मोबाईलची जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल, तर मूळ फोटो आयक्लाउडवर राहतात आणि मोबाईलवर लहान प्रती उरतात. जुना फोटो उघडताना क्षणभर कोपऱ्यात एक लहान वर्तुळ भरत जाते. मूळ प्रत वरून खाली येत असल्याची ती खूण होय.

दुकानातील संगणकावर मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह असेल, तर फाईलशेजारी आणखी काही चिन्हे दिसतात. निळ्या रेघांचा ढग म्हणजे फाईल केवळ वर आहे. संगणकावर तिचे नाव तेवढे दिसते. पांढऱ्या वर्तुळात हिरवी बरोबरची खूण म्हणजे ती एकदा उघडली गेल्यामुळे खाली उतरली आहे, पण जागा कमी पडल्यास पुन्हा केवळ वर राहू शकते. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी खूण म्हणजे ती या संगणकावर कायम ठेवण्यास सांगितलेली आहे. लाल वर्तुळात पांढरी फुली म्हणजे प्रत वर-खाली होण्यात अडथळा आला आहे. दोन हिरव्या खुणांतील हा भेद कळला नाही, तर इंटरनेट बंद असलेल्या दिवशी हवी ती फाईल उघडत नाही, आणि नेमके त्याच दिवशी तिची गरज पडते.

येथपर्यंत खुणा काय सांगतात ते पाहिले. त्या काय सांगत नाहीत, हे जाणणे त्याहून महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट. ‘बॅकअप पूर्ण’ हे शब्द निवडलेल्या फोल्डरांपुरतेच खरे असतात. गुगल फोटोज मूलतः कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंची प्रत वर नेते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो निराळ्या फोल्डरात असतात, आणि तो फोल्डर बॅकअपसाठी मुद्दाम निवडावा लागतो. लग्नातील निम्मे फोटो आत्याकडून, मामाकडून, व्याह्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले असतात. वर बरोबरची खूण झळकत असते आणि हे निम्मे फोटो तिच्या हिशेबातच नसतात. त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होऊन येतो. मूळ फोटो मूळ स्वरूपात हवा असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे.

दुसरी गोष्ट. बरोबरची खूण म्हणजे दोन्हीकडील मजकूर जुळला. जुळणे याचा अर्थ इकडे केलेला बदल तिकडेही होणे. गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय निवडला, तर बॅकअप झालेल्या फोटोंच्या मोबाईलवरील प्रती तेवढ्या जातात. वरच्या प्रती राहतात. त्याच अ‍ॅपमध्ये फोटो निवडून ‘डिलीट’ केले, तर मोबाईलवरील आणि वरची अशा दोन्ही प्रती जातात. आयफोनवरही आयक्लाउड चालू असताना एका उपकरणावर काढून टाकलेला फोटो त्या खात्याच्या सर्व उपकरणांवरून जातो. मोबाईलमध्ये जागा करण्याच्या घाईत हा भेद लक्षात राहत नाही. ‘वर टिक आहे ना, मग इथून काढून टाका’ असे घरातील कोणी सांगतो आणि आजोबांचे शेवटच्या वर्षातील फोटो दोन्हीकडून जातात. बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो. आयफोनवर अलीकडे काढलेल्या फोटोंच्या यादीत ३० दिवस. तेवढ्या मुदतीत तो परत आणता येतो. त्यानंतर खूणही नाही आणि फोटोही नाही.

तिसरी गोष्ट. दोन माणसांचे चित्र असलेली खूण म्हणजे अल्बम सामायिक आहे. सामायिक आणि स्वतःचा यांत फरक आहे. पुण्यातील पुतण्याने लग्नाचा अल्बम सर्वांना उघडून दिला, तरी फोटो त्याच्या खात्यातच राहतात. त्याने उद्या जागेअभावी ते काढले, तर हिंगोलीच्या घरातूनही ते दिसेनासे होतात. ज्याला ते हवेत त्याने आपल्या संग्रहात जतन करून घ्यावेत. शेजारच्या गोदामात आपला माल ठेवण्याची सोय मिळाली, म्हणजे गोदाम आपले झाले असे नव्हे. ही जाणीव येथेही हवी.

चौथी गोष्ट. वरची साठवण अमर्याद नाही. गुगलने उच्च दर्जाच्या फोटोंसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य सोय १ जून २०२१ पासून बंद केली. आता एका खात्याला १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि तीत फोटो, जीमेल, ड्राइव्ह यांचा एकत्रित वाटा असतो. अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता याच हिशेबात धरला जातो. आयक्लाउडवर विनामूल्य जागा ५ जीबी आहे. जागा भरली की नवे फोटो वर जाणे थांबते. जुन्या फोटोंवरील बरोबरच्या खुणा मात्र तशाच दिसत राहतात. शिवाय गुगल खात्याची जागा भरली की त्या जीमेलवर नवी मेल येणेही थांबते. ज्या पत्त्यावर व्यापाराच्या ऑर्डरी येतात तोच पत्ता घरच्या फोटोंना वापरला असेल, तर सहलीच्या फोटोंनी पेढीचे दार बंद होऊ शकते. व्यापाराचे आणि घराचे खाते वेगळे ठेवण्याचा जुना नियम येथेही लागू आहे.

पाचवी गोष्ट कोणत्याही चिन्हात दिसत नाही, म्हणून ती विशेष ध्यानात ठेवावी. खाते कोणाच्या तरी नावावर असते. गुगलच्या धोरणानुसार सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते, त्यातील मजकुरासह, काढून टाकले जाऊ शकते. घरातील कर्ता माणूस गेला, त्याचा मोबाईल कपाटात ठेवला गेला, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी फोटो वर सुरक्षित असूनही घराच्या हाती लागत नाहीत. बँकेतील ठेवीला आपण वारसाचे नाव लावतो. गुगल खात्यातही अशी तरतूद आहे: खाते ठरावीक महिने निष्क्रिय राहिल्यास कोणाला कळवावे आणि कोणता मजकूर द्यावा, हे आधी नोंदवता येते, त्यासाठी दहा जणांपर्यंत नावे देता येतात. अ‍ॅपलनेही २०२१ च्या अखेरीस वारस-संपर्क नेमण्याची सोय दिली. ठेवीच्या नामनिर्देशनाला लागतो तेवढाच वेळ याला लागतो.

एकाच सुरक्षित जागी ठेवलेल्या एकमेव प्रतीवर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न जैन समाजाने फार पूर्वी सोडवलेला आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. त्या आदराने जपल्या गेल्या, पण जगात त्यांचे वाचन जवळजवळ नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलिपी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे खंड प्रसिद्ध होऊ लागले आणि एकूण सोळा खंड निघाले. आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवरही कोरले गेले. ताडपत्र, कागद आणि तांबे अशी तीन निराळी माध्यमे झाली, आणि ती निराळ्या ठिकाणी राहिली. एका ठिकाणी आग, पाणी वा वाळवी लागली, तरी दुसरीकडे ग्रंथ शाबूत राहील, अशी ही योजना झाली. कुटुंबाच्या फोटोंचे मोल आगमांइतके नाही, हे खरे. पण जपण्याची रीत तीच उपयोगी पडते.

त्या रीतीने पाहिले, तर मोबाईल आणि त्याच्याशी जुळलेले क्लाउड खाते यांना दोन स्वतंत्र प्रती म्हणता येत नाही, कारण एकीकडील पुसणे दुसरीकडे पोहोचते. तिसरी, न जुळलेली प्रत हवी. ती संगणकाला जोडण्याच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवता येते. मात्र काम झाले की हार्डडिस्क काढून निराळ्या कपाटात, शक्य तर निराळ्या घरी ठेवावी. गुगल खात्यातील सर्व फोटो एकत्र उतरवून घेण्यासाठी ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. आणि जे फोटो पुढच्या पिढीने पाहावेत असे वाटते, ते निवडून कागदावर छापून घ्यावेत, मागे पेन्सिलीने नावे, स्थळ आणि तिथी लिहावी. छापील फोटोला ना पासवर्ड लागतो, ना नेटवर्क.

हे काम जमाखर्चाच्या शिस्तीने केले, तर जड जात नाही. दुकानात रोज संध्याकाळी गल्ल्यातील शिल्लक वहीशी ताडली जाते. फोटोंची शिल्लक महिन्यातून एकदा ताडली तरी पुरे. घरातील एकाने, शक्य तर तरुण मुलाने वा मुलीने, ही जबाबदारी घ्यावी. प्रत्येक मोबाईलवर पुढील गोष्टी पाहाव्यात: बॅकअप चालू आहे का, कोणत्या खात्यात जातो, व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर निवडलेला आहे का, किती जागा उरली आहे, कुठे उद्गारचिन्ह वा रेघ असलेला ढग आहे का. वृद्धांच्या मोबाईलवर हे पाहताना त्यांना शेजारी बसवून प्रत्येक खुणेचा अर्थ समजावून सांगावा. न विचारता त्यांच्या मोबाईलमधील काहीही काढू नये. त्यांना नको वाटणारा फोटो कोणता आणि जपायचा कोणता, हे त्यांनाच ठाऊक असते. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते, त्या सुमारास वर्षभराचे फोटो हार्डडिस्कवर उतरवण्याचा प्रघात पाडला, तर तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही.

सिद्धेश्वरच्या काठावर काढलेल्या त्या फोटोपुरते बोलायचे, तर परतीच्या वाटेवर नेटवर्क मिळाले की तो उघडावा, बोटाने वर सरकवावा आणि खालचा तपशील वाचावा. बॅकअप झाल्याची नोंद दिसली, तर पोहोच आली. दिसली नाही, तर तो फोटो अजून त्या एकाच मोबाईलमध्ये आहे, आणि तोवर तो मोबाईल पाण्याच्या जवळ नेऊ नये.